चौदावी मुलाखत

उमरग्याच्या त्या कॉलेजात लघुप्रबंध लिहायची पद्धत होती, वाचायची नव्हती. एम.ए.च्या पोरापोरींनी शेवटच्या वर्षी शंभरेक पानं भरायची, हायवेवरच्या झेरॉक्सवाल्याकडून काळ्या रेक्झिनमध्ये सोनेरी अक्षरांत बांधून आणायची, सरांनी पहिलं आणि शेवटचं पान बघून गुण द्यायचे, आणि मग ते बाड ग्रंथालयातल्या लोखंडी कपाटात जाऊन बसायचं. त्या कपाटाची किल्ली बारा वर्षं नंदीशकडे होती आणि बारा वर्षांत ती कुणी मागितली नव्हती. नंदीश तिथला ग्रंथपाल. त्यानं स्वतःही त्यातलं एक पान कधी वाचलं नव्हतं, आणि त्याला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

मग कॉलेजला दर्जा देणारी नॅकची समिती येणार असं ठरलं आणि प्राचार्य रणधीर सरांच्या अंगात आलं. कॉलेजचं स्वतःचं 'डिजिटल भांडार' पाहिजे, त्यात निदान पाचशे नोंदी पाहिजेत, आणि जगात कुठूनही कुणालाही त्या उघडता आल्या पाहिजेत. आता ज्या कॉलेजात मास्तर दिवसाला पाच-पाच तास शिकवून घसा बसवून घरी जातात, तिथं संशोधन कुठून आणायचं? नंदीशनं जे हाताला लागेल ते घातलं. दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका घातल्या, स्नेहसंमेलनाचे अंक घातले, सरांची झेंडावंदनाची भाषणं घातली. तरी आकडा तीनशेच्या वर सरकेना. शेवटी त्यानं लोखंडी कपाट उघडलं आणि सगळे लघुप्रबंध गोरोबा शिपायापुढे स्कॅन करायला टाकले, अगदी पुठ्ठ्यापासून पुठ्ठ्यापर्यंत, मागच्या परिशिष्टांसकट.

प्रत्येक नोंद चढवताना सॉफ्टवेअर विचारायचं, ही सगळ्यांना उघडी ठेवायची की कुलूपबंद? कुलूपबंद नोंदी समिती मोजत नाही, असं सरांनी कुठल्याशा कार्यशाळेतून ऐकून आणलं होतं. नंदीशनं एकदाच सगळ्यांना उघडं करून टाकलं आणि चहाला गेला.

समाजशास्त्राच्या लघुप्रबंधांची एक वेगळी भानगड होती. पोरं गावात न जाता घरी बसून मुलाखती रचतात, म्हणून तिथल्या जुन्या सरांनी नियम केला होता की मुलाखत दिलेल्या प्रत्येकाचं खरं नाव, वय, गाव आणि खाली सही किंवा अंगठा पाहिजे. त्याशिवाय गुण नाहीत. पोरापोरींना तो जाच वाटे, पण ती करत.

समिती यायला दोन आठवडे उरले असताना रणधीर सर स्वतः ग्रंथालयात आले. असं वर्षातून एखाद्या वेळी व्हायचं.

"नंदीश, आपल्या भांडाराच्या पहिल्या पानावर बघितलं का? एक प्रबंध दोनशे बारा वेळा उघडलाय. चार दिवसांत! समितीला हाच दाखवायचा."

नंदीशनं बघितलं. नाव होतं, 'हक्कसोडपत्र आणि स्त्रिया : उमरगा तालुक्यातील निवडक गावांचा अभ्यास'. लिहिणारी शिवरंजनी, म्हणजे त्याच्याच गावची. दोन वर्षांपूर्वी एम.ए. करून ती लग्न होऊन पुण्याला गेली होती. बापाच्या जमिनीतला हिस्सा भावांना सोडून दिल्याचं लिहून देणाऱ्या बावीस बायकांशी ती बोलली होती. आपल्या गावच्या पोरीचा प्रबंध पहिल्या नंबरावर, म्हणून नंदीशची छाती जरा फुगलीच. कौतुकानं त्यानं फाइल उघडली आणि पानं खाली सरकवत गेला. चौदाव्या मुलाखतीपाशी त्याचा हात थांबला.

'इरम्मा वीरप्पा. वय एकसष्ट.' आणि पुढे गावाचं नाव.

इरम्मा म्हणजे त्याची आत्या. वीरप्पा त्याचे आजोबा. नवऱ्यानं टाकल्यापासून आत्या भावाच्या घरी होती, पस्तीस वर्षं झाली. नंदीशच्या आईचं दुखणं तिनं काढलं, नंदीशला तिनंच न्हाऊमाखू घालून शाळेत पाठवलं. घरात ती इतकी होती की तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नसे.

शिवरंजनीनं आत्याचं बोलणं जसंच्या तसं उतरवलं होतं. "मला सही येती. माझी चौथीपतूर शाळा झालीया. पर कागदावर आंगठा हाय. त्या दिवशी म्या सोलापूरच्या दवाखान्यात व्हते, पोटाचं आपरेशन झालं व्हतं. माझ्या जागी वैनीला उभं केलं, ही इरम्मा म्हणून. वैनीनं मरायच्या आधी सोताच सांगितलं. पाया पडली माझ्या. म्या म्हणले, तू तरी काय करशील, तुला बी कुणी इचारलं नसंल. साडेचार एकर हाय माझं. विहिरीकडंचं. म्या आजून भावाला कायबी म्हणले न्हाय. म्हणून तर भाकर मिळती."

खाली सही होती. वाकडी, पण सगळी अक्षरं जागच्या जागी.

नंदीशला आधी लाज वाटली. वैनी म्हणजे त्याची आई. ती सहा वर्षांपूर्वी गेली, आणि तिच्या आठवणीला हात लावायला त्याला कुणी नको होतं. मग भीती वाटली, कारण दोनशे बारा लोकांनी हे वाचलं होतं आणि ते पुण्यामुंबईचे विद्वान नव्हते हे सांगायला कुणाची गरज नव्हती. आणि या दोन्हींच्या मागून एक तिसरा विचार आला. विहिरीकडचे साडेचार एकर म्हणजे तो यंदा द्राक्षबाग लावणार होता तेच रान. त्याला स्वतःची किळस आली. पण आलेला विचार गेला नाही.

दुपारीच रजा टाकून त्यानं मोटरसायकल गावाकडे काढली.

त्याचे वडील, अप्पा, ओट्यावर बसले होते. अप्पा म्हणजे महांतप्पा, गावातल्या वाटण्यांचे पंच. कुणाचा बांध कुठं, कुणाची विहीर किती पाळ्यांची, हे सांगायला लोक त्यांना तालुकाभर बोलवायचे. आज ते कुठंच गेले नव्हते. भावकीतल्या कल्याणप्पानं सकाळी हॉटेलात, भरल्या बाकड्यांपुढे, मोबाईलवरून चौदावी मुलाखत मोठ्यानं वाचून दाखवली होती. चार दिवस ती भावकीच्या ग्रुपमध्ये फिरत होती. सगळ्यात शेवटी कळलं ते याच घराला.

"तुझ्याच कालेजातलं हाय म्हणं," अप्पा म्हणाले.

"व्हय."

"तूच घातलास?"

"समदेच घातले. वाचून न्हाय घातले."

"मग काढून टाक. आन् तिच्याकडनं लिहून घेणार हाय म्या. असं कायबी बोलले न्हाय, पोरीनं मनानं लिवलं, असं. सही करती म्हणली तर राहील हितं. न्हाय तर तिनं तिची वाट बघावी. सोमवारी वकील येतोय कागद घेऊन."

नंदीशनं विचारावं की अप्पा, हे खरं का? त्याच्या जिभेवर आलं होतं. त्यानं विचारलं नाही, कारण उत्तर त्याला ठाऊक होतं आणि ऐकलं की ते आपल्याही अंगाला चिकटेल असं त्याला वाटलं.

आत्या मागच्या पडवीत तूर निवडत होती. गळ्यातलं लिंग पदराआड, कपाळावर सकाळची विभूती, सगळं रोजच्यासारखं. तिला सगळं कळलं होतं. ती एवढंच म्हणाली, "तुझ्या मोबाईलवर हाय म्हणं. वाच बरं, काय लिवलंय."

त्यानं वाचलं. आईच्या जागी तो थांबला, तेव्हा ती म्हणाली, "वाच की." वाचून झाल्यावर तिनं सुपातले दोन खडे काढून टाकले.

"इतकंच? म्या लई बोलले व्हते. दोन दिस यायली व्हती पोरगी."

"आत्या, तिनं तुमचं नाव घालायला नको व्हतं. बदलून घालता येतं."

"ती म्हणलीच व्हती, कालेजाला खरं नाव लागतंय, नको आसंल तर तुमाला सोडते म्हणून. म्याच म्हणले घाल. सातबाऱ्यावर न्हाय, मतदाराच्या यादीत नवऱ्याकडलं नाव हाय, तो तर मेला का जिता ते बी म्हायीत न्हाय. एका जागी तरी वीरप्पाची लेक म्हणून असू दे की."

"अप्पा सही मागत्यात. केली तर समदं मिटंल."

"ते खरं. म्या बगते काय करायचं. तू तेवढं ते राहू दे तितं. काढू नको."

"न्हाय काढत," नंदीश म्हणाला. त्या वेळी तो खरंच बोलत होता, एवढं त्याच्या बाजूनं सांगितलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी तो प्राचार्यांकडे गेला. मनातून त्याला वाटत होतं की सर नाही म्हणतील, मग अप्पांना सांगता येईल की माझ्या हातात काही नाही. दोन्ही डगरींवर पाय ठेवून उभं राहायची त्याची जुनी सवय. सर नाही म्हणालेच. पहिल्या नंबरची नोंद काढायची म्हणजे काय? पण मग त्यांनी नंदीशचा चेहरा बघितला, घरचं प्रकरण आहे हे ओळखलं आणि आवाज खाली आणला.

"नोंद हलवू नका. फाइल बदला. ती पानं काढून दुसरी फाइल चढवा. आकडा नोंदीचा असतो, नंदीश, फाइलीचा नाही. तो दोनशे बाराच राहील. समितीचं कुणी शंभर पानं वाचत बसत नाही."

म्हणजे आता नंदीशच्या हातात सगळंच आलं. कुणाकडे बोट दाखवायची सोय राहिली नाही.

तीन दिवस तो घरी मान खाली घालून जेवला. अप्पा जेवताना ताट जरा लांब सरकवून बसायचे. शेवटी शनिवारी मधल्या सुट्टीत गोरोबा डबा खायला गेला, तेव्हा नंदीशनं फाइल उघडली. सत्त्याऐंशी ते नव्वद, चार पानं निवडली आणि काढली. परिशिष्टातल्या यादीतून चौदावी ओळ पुसली. नवी फाइल चढवायला आठ मिनिटं लागली, तीही नेट हळू होतं म्हणून. सॉफ्टवेअरनं बदलाचं कारण विचारलं. त्यानं लिहिलं, 'स्कॅनिंगमधील त्रुटी दुरुस्त'.

मग त्यानं कपाटातून बांधलेली प्रत काढली. पुस्तकातलं पान फाडलं म्हणून आजवर त्यानं किती पोरांना ग्रंथालयाबाहेर उभं केलं होतं, त्याला गणती नव्हती. पट्टी लावून ब्लेडनं त्यानं ती चार पानं सरळ कापली. दुसरी प्रत समाजशास्त्राच्या विभागात होती, पण ती खोली समितीच्या पाहुण्यांना बसायला रिकामी केली तेव्हा तिथलं सगळं रद्दीत गेलं होतं. कापलेली पानं त्यानं खिशात घातली आणि घरी जाऊन अप्पांच्या हातात दिली. अप्पांनी ती न वाचता बंबात घातली.

रविवारी सकाळी आत्या त्याच्यासाठी धपाटे घेऊन आली. ताटात वाढून ती तिथंच उभी राहिली.

"नंदी, उद्या वकील येतोय. एक इचारते. ते कालेजातलं हाय न्हवं आजून?"

तेव्हा खरं सांगायला हवं होतं. माणसाला आयुष्यात अशा जागा फार मिळत नाहीत, आणि ही तर ताट समोर ठेवून, नाव घेऊन, सरळ विचारलेली जागा होती. आत्याला खरं कळलं असतं तर कदाचित तिनं सोमवारी मुकाट सही केली असती, पडवीतली तिची जागा राहिली असती, आणि निदान तिला ठाऊक असतं की आपण कशाच्या बदल्यात काय देतोय. हे सगळं नंदीशला त्या क्षणी दिसत होतं. तो म्हणाला, "हाय."

"मग बरं झालं," आत्या म्हणाली आणि आत गेली.

सोमवारी वकील आला, कागद वाचून दाखवला. आत्यानं पदर सारखा केला आणि म्हणाली, "ही सही म्या करणार न्हाय. तितं लिवून ठिवलंय, समद्यांनी वाचलंय. आता त्येच्या उलटं लिवलं तर म्या खोटी ठरंन. इतकी वर्सं गप बसले ती भाकरीसाठी. आता बोलून बसलेय, तर राहू दे खरं." अप्पांनी आवाज चढवला नाही. त्यांनी तिची पत्र्याची पेटी उचलून ओट्यावर आणून ठेवली. नंदीश दारात उभा होता. त्याची बायको राजेश्वरी रडायला लागली आणि त्याच्याकडे बघत राहिली, त्यानं काहीतरी म्हणावं म्हणून. तो मोटरसायकल काढून कॉलेजला गेला. समितीला आठच दिवस उरले होते, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

समिती आली. तिघेजण होते. त्यातल्या बाईंनी पडद्यावरचा आकडा बघून मान डोलावली आणि ग्रामीण भागातल्या, केवळ अध्यापनावर चालणाऱ्या कॉलेजनं स्त्रियांच्या प्रश्नावर असं काम खुलं केलं, हे अहवालात नमूद करू असं म्हणाल्या. फाइल कुणी उघडली नाही. रणधीर सरांनी नंदीशच्या पाठीवर थाप मारली. हार घालून त्याचा फोटो काढला, तो नोटीस बोर्डावर लागला.

पावसाळा संपत आला असताना एका दुपारी इरम्मा ग्रंथालयाच्या दारात उभी राहिली. ती आता उमरग्यातच, बसस्टँडमागच्या एका मेसमध्ये चपात्या लाटायची आणि तिथंच मागच्या खोलीत राहायची. अंगानं उतरली होती. नंदीश खुर्चीतून उठला आणि पुन्हा बसला. तिनं त्याची अडचण होऊ दिली नाही. हातातला अर्ज टेबलावर ठेवला.

"वकील केलाय म्या. म्हणतो, भांडण सुरू व्हायच्या आधी तुमी हे कुणापाशी बोलला व्हता का? तर म्या म्हणले कालेजात लिवलेलं हाय. शिवरंजनीला फोन लावला. तिनं टायपिंगवाल्याकडनं करून घेतलं व्हतं, तिच्यापाशी कायबी न्हाय. कल्याणप्पाच्या मोबाईलवरचं चालत न्हाय म्हणं, कालेजाचा शिक्का लागतोय. तेवढं काढून दे."

नंदीश संगणकापुढे बसला. नोंद उघडली. आकडा आता तीनशेच्या पुढे गेला होता. तो पानं वरखाली करत राहिला, जणू शोधतोय.

"आत्या, यात दिसत न्हाय. स्कॅन करताना राहिलं असंल."

"बरं. मग पुस्तकात असंल की. कपाटात ठिवत्यात म्हणली पोरगी."

तो काही बोलायच्या आत गोरोबा म्हणाला, "हाय की मावशी, आणतो," आणि घेऊनच आला. त्या बिचाऱ्याला काही ठाऊक नव्हतं. त्यानं वर खुर्चीही पुसून दिली.

इरम्मानं पुस्तक मांडीवर घेतलं. एकेक पान उलटत, आकड्यांखाली बोट ठेवत ती पुढे गेली. अकरा, बारा, तेरा. मग पंधरा. ती एक पान मागे आली, पुन्हा पुढे गेली. दोन्हींच्या मधे शिवणीपाशी कापलेल्या कागदाच्या बारीक पट्ट्या उभ्या होत्या, एकसारख्या. त्यांवरून तिनं बोट फिरवलं. गोरोबा वाकून बघत होता. तो सरळ झाला आणि नंदीशकडे बघून गपचूप बाहेर निघून गेला.

नंदीशला वाटलं, आता शिव्या देईल, तर बरं होईल. तिनं पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं.

"तुझ्या बापानं केलं तवा म्या दवाखान्यात व्हते, नंदी," ती म्हणाली. "तुला तर म्या इचारलं व्हतं."

तिनं अर्ज त्याच्याकडे सरकवला.

"काय हाय न्हाय ते यावर लिवून दे. वकिलाला दावावं लागंल."

त्यानं पेन उचललं. 'सदर मुलाखत ग्रंथालयाच्या नोंदीत आढळून आली नाही' असं लिहिलं, खाली सही केली आणि कॉलेजचा शिक्का मारला. शाई वाळेपर्यंत ती टेबलापाशी उभी राहिली. मग कागदाची नीट घडी करून पिशवीत घातली आणि संध्याकाळच्या चपात्या राहिल्यात म्हणून निघून गेली.